मिंगेलची मुंगी

“मुंगी सुखरूप आसा, सरानू!”

होडी अजून लाटांवरच होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून मिंगेलमाम दोन्ही हात वर करून ओरडत होता. सबनीस सर मधल्या फळीवर बसले होते. मांडीवर रुमालात बांधलेली लाकडी डबी आणि तिच्यावर त्यांचे दोन्ही हात. हात सोडता येईनात म्हणून त्यांनी मान जोरात हलवली.

“तू पाहिलीस का पण, मिंगेल?”

“बघूक कित्याक व्हयी? माझी ती. मेली असती तर माका कळला असता.”

बाबी तांडेल वल्हं उचलून हसला. “सर, अख्ख्या बंदरार ह्येका मुंगीवालो म्हणतत. झिलाच्या लग्नपत्रिकेत छापूचा ऱ्हवला तेवढा.”

“तुझ्या नावाचा काय आसा रे जगात? एक ढेकूण तरी?” होडीची दोरी पकडत मिंगेलमामनं विचारलं.

सर हसले. ते माझ्या लक्षात राहिलं, कारण बंदर सोडल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. उतरताना मी हात पुढे केला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि डबी छातीशी धरून पाण्यात पाय टाकला. सूक्ष्मदर्शकाची पेटी, स्पिरिटच्या बाटल्या, वळकट्या, हे सगळं मी दोन खेपांत वर आणलं.

हे फार जुनं आहे. मला नीट आठवतंय असं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर मी कधीच फारसा विसंबलो नाही, आताही विसंबत नाही. त्या वेळी मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. सबनीस सर विभागप्रमुख. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. मुंग्यांवर काम करणारं आमच्या भागात दुसरं कोणी नव्हतं आणि सरांचंही बरंचसं काम म्हणजे इतरांनी नावं दिलेल्या मुंग्या ओळखून त्यांच्या खाली चिठ्ठ्या लावणं. त्यांची स्वतःची अशी जात एकच. तीही या कुर्लीच्या बेटावरची.

वीस वर्षांपूर्वी सर नमुने गोळा करायला इथं आले आणि हिवतापानं पडले. बेटावर वस्ती म्हणजे नारळाची बाग राखणाऱ्या मिंगेलचं एक घर. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, फिलूबायनं, पेज पाजून सरांना उभं केलं. बरं वाटल्यावर सर अंगणात येऊन बसले, तेव्हा माडाच्या बुंध्याशी त्यांना तीन मुंग्या दिसल्या. बांधा आपल्या नेहमीच्या काळ्या मुंगळ्याचा, पण डोकं लहान आणि निमुळतं, पोट फुगलेलं, मधाच्या रंगाचं, आणि कपाळावर तीन बारीक ठिपके. हे ठिपके म्हणजे साधे डोळे. ते राणीला असतात, कामकरी मुंगळ्याला नसतात. ग्रंथांतल्या कुठल्याही वर्णनाशी त्या जुळेनात. सरांनी चित्रांसह लेख लिहिला, तो छापून आला, आणि ज्या घरात जीव वाचला त्या घरधन्याचं नाव त्यांनी मुंगीला दिलं. कॅम्पोनोटस मिंगेली.

तो लेख मिंगेलमामच्या घरात भिंतीवर काचेत लावलेला होता, येशूच्या तसबिरीच्या शेजारी. त्यातल्या मुंगीच्या चित्राला फिलूबायनं सुकलेल्या अबोलीचा गजरा घातला होता.

“लेख इंग्रजीत आहे,” मी तिला म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“असांदे. नाव वाचूक येता माका,” ती म्हणाली.

अडचण अशी झाली होती की मुंगळ्यांच्या या गटाची भारतभरची मोठी यादी एक परदेशी तज्ज्ञ करत होता आणि त्यानं सरांना कळवलं होतं की मिंगेलीबद्दल त्याला शंका आहे. तीनच कामकरी. राणी नाही, नर नाही, वारूळ कुणी पाहिलेलं नाही. ताजे नमुने आणि जमल्यास राणी मिळाली तर ठीक, नाहीतर तो तिला संशयित जातींत टाकणार होता. मूळच्या तिनांपैकी एक नमुना बुरशीनं गेला होता, एक टपालात मोडला होता. उरलेला एक रुमालातल्या डबीत होता. तो टाइप. ज्या नमुन्यावरून जात प्रथम वर्णिली जाते त्याला टाइप म्हणतात. जातीबद्दल वाद झाला की शेवटी सगळे त्याच्याकडे जातात. त्याला लाल चिठ्ठी असते. कॉलेजात ती डबी उघडायची असली की सर आधी पंखा बंद करायला लावत.

सरांनी सोबत मलाच का नेलं, कोण जाणे. विभागात माझ्याहून हुशार दोघेजण होते. मी समजत होतो की सामान उचलायला.

पहिला दिवस आम्ही माडांचे बुंधे तपासण्यात घालवला. मी तोंडानं ओढायच्या नळीतून मुंग्या बाटलीत घ्यायचो, सर भिंगातून पाहायचे आणि मान हलवायचे. नेहमीचा मुंगळा. पुन्हा नेहमीचा मुंगळा. मिंगेलमाम मागे मागे यायचा.

“सर, त्या बाटलेत दारू मां?”

“स्पिरिट आहे. पिऊ नकोस, आंधळा होशील.”

“म्हंजे मुंगयांका दारू आणि माका चाय. बरो न्याय.”

संध्याकाळी जेवणात सरांनी भात चिवडला. “यादीत संशयित म्हणून छापलं की झालं, आठल्ये,” ते मला म्हणाले. “मग पुन्हा कुणी पाहायलासुद्धा येत नाही. मी जूनमध्ये घरी बसणार. माझ्यामागे मिंगेलीसाठी इथं कोण येणार?”

मी म्हणालो, “उद्या मिळेल, सर.” हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, मला माहीत नाही.

पण मिळाली खरी, दुसऱ्या दिवशी सकाळीच. घरामागच्या उतारावर एक माड पडून कुजला होता. मी कोयत्यानं त्याची साल उचकटली, तर आत वारूळ. काळे मुंगळे अंड्या-कोशांची पांढरी गाठोडी तोंडात धरून सैरावैरा धावत सुटले आणि त्यांच्यामधून, सावकाश, जड पोट ओढत एक मधाच्या रंगाची मुंगी चालत आली. मग दुसरी. एका काळ्या मुंगळ्यानं तिच्या तोंडाला तोंड लावून तिला काहीतरी भरवलं.

“सर!” माझा आवाज चिरकला.

सर धावत आले. त्या वयात त्यांना असं धावताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर सारला आणि भिंग डोळ्याला लावून कितीतरी वेळ वाकून राहिले.

“तीन ठिपके,” ते म्हणाले. “आठल्ये, तीन ठिपके आहेत.”

“हो, सर.”

“आणि मुंगळे तिला भरवताहेत. पाहिलंस? दुसऱ्याच्या घरात राहते ही. पाहुणी जात! म्हणून हिचं वारूळ कुणाला मिळालं नाही. हिला वारूळच नाही!” त्यांनी मिंगेलमामकडे वळून पाहिलं. “मिंगेल, तुझी मुंगी काहीएक काम करत नाही. दुसऱ्याच्या घरी राहते, दुसऱ्याच्या हातचं खाते.”

“माझ्या मेव्हण्यासारखी,” मिंगेलमाम म्हणाला.

अशा पाहुण्या जाती असतात, हे खरं आहे. दुसऱ्या जातीच्या वारुळात शिरून राहणाऱ्या मुंग्या जगात ठिकठिकाणी सापडल्या आहेत, त्या दुर्मीळ असतात आणि त्यांच्याबद्दल लिहायला मिळणं हे कुणाही मुंग्यांच्या अभ्यासकाला भाग्य वाटेल. मिंगेली नुसती वाचत नव्हती, मोठी होत होती. सर त्या दिवशी दुपारी जेवणात दोनदा भात वाढून घेऊन जेवले.

राणी मात्र सापडली ती काळी, नेहमीच्या मुंगळ्याची. मिंगेलीची राणी अख्खं खोड फोडूनही मिळाली नाही.

“असेल दुसऱ्या खोडात,” सर म्हणाले. “पाहुण्या जातीच्या राण्या थोड्याच असतात.”

नमुन्यांची चित्रं काढायचं काम माझं होतं. तेवढं मला बरं जमायचं. पुढच्या दिवशी सकाळी सर मिंगेलमामबरोबर दुसरी खोडं पाहायला गेले आणि मी ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडून बसलो. स्पिरिटमधून एक मिंगेली काढली, काचेवर घेतली, पोटाची बाजू नीट दिसावी म्हणून चिमट्यानं जरा वळवली. बहुधा जोर जास्त झाला. पोट फुटलं.

आमच्याकडे अशा थोड्याच होत्या आणि त्यातली एक मी बिघडवली होती. भिंगातून पाहिलं तर फाटलेल्या जागेतून पांढऱ्या दोऱ्याचा एक फासा बाहेर आला होता. आधी मला वाटलं, आतडं. चिमट्यानं हलकेच ओढलं. दोरा येतच राहिला. मुंगीच्या लांबीच्या कितीतरी पट तो लांब होता, सगळीकडे सारख्याच जाडीचा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता. पोटाच्या आत दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं.

तो किडा होता. मुंगीच्या पोटात वेटोळं घालून राहिलेला.

मग एक काळा मुंगळा घेऊन त्याचं पोट उघडलं. त्यात जे असायला हवं ते होतं. मग दुसरी मिंगेली घेतली. या वेळी मी मुद्दाम फोडली, आणि ती फोडताना मनात हेच होतं की मी काहीतरी चुकीचं पाहतोय आणि हिच्यात काही निघणार नाही. तिच्यातही दोरा निघाला.

सर आणि मिंगेलमाम उतारावरून गप्पा मारत येत होते. ते ओसरीवर चढले तेव्हा मी उभा राहिलो.

“सर, माझ्या हातून दोन नमुने फुटले.”

“दोन?” त्यांचा चेहरा बदलला. “आठल्ये, अरे—”

“आणि मला ते कळत नाहीये. माझंच काहीतरी चुकत असेल. तुम्ही पाहता का?”

सर बसले. चष्मा काढला, डोळा भिंगाला लावला. चुलीशी फिलूबाय मासे तळत होती, त्याचा चुर्रर आवाज तेवढा येत होता. सरांनी आरसा किंचित फिरवला. सुई घेऊन तो दोरा सरळ केला. मग काच बाजूला केली, दुसरी घेतली.

“अजून एक आण,” ते म्हणाले.

“सर, मग थोड्याच—”

“आण.”

तिसरी त्यांनी स्वतः उघडली. तिच्यातही तेच होतं. सरांनी सुई टेकवून ठेवली आणि सावकाश चष्मा डोळ्यांवर चढवला.

“काय झाला, सर?” मिंगेलमामनं विचारलं.

ते माझ्याकडे पाहत म्हणाले, “मुंगी अळी असतानाच शिरतो हा. मुंगी त्याला पोटात घेऊनच वाढते. डोकं लहान राहतं, पोट फुगतं, राणीसारखे ठिपके उमटतात. हे युरोपात झालेलं आहे, आठल्ये. चांगल्या चांगल्या लोकांनी अशा मुंग्यांना नव्या जाती म्हणून नावं दिली आणि नंतर ती मागे घ्यावी लागली. मी वाचलेलं आहे.” थोडं थांबून ते म्हणाले, “दुसऱ्यांचं झालेलं वाचलेलं आहे.”

“सर, मराठीत सांगा. माझी मुंगी ती,” मिंगेलमाम म्हणाला. सर मराठीतच बोलत होते.

मग सरांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं. त्याच्या नावाची मुंगी ही वेगळी जात नाही. ती नेहमीचा काळा मुंगळाच आहे. फक्त त्याच्या पोटात किडा आहे, म्हणून तो असा दिसतो. हे सांगताना सरांचा आवाज वर्गातल्यासारखा होता.

“म्हंजे माझी मुंगी शीक?”

“हो.”

“पोटात जंत?”

“तसंच.”

“आणि ते काळे तिका भरवतत ते पाहुणी म्हणान नाय. घरचीच म्हणान.”

“हो. बहिणी आहेत त्या तिच्या.”

मिंगेलमामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. आतून फिलूबाय झारा हातात घेऊनच दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं.

“वीस वर्सां तुमका कापून बघूचा सुचूक नाय?” तिनं विचारलं. ती रागावली होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

“तीनच होत्या, फिलूबाय,” सर म्हणाले. “दोन गेल्या. उरली ती टाइप. टाइप कापत नाहीत.” मग, खालच्या आवाजात, “आणि कापावंसं वाटलं नाही.”

मी मनात शब्द जुळवत होतो. मला बोलायचं होतं आणि बोलायची भीतीही वाटत होती, जी मला आयुष्यभर वाटत आली आहे.

“सर,” मी म्हणालो, “पण या तिन्ही एकाच वारुळातल्या आहेत. त्या वेळी तुम्हाला मिळाल्या त्या अंगणातल्या. टाइपमध्ये किडा नसेलही. या आजारी असतील आणि टाइप खरंच वेगळी जात असेल. वरून दोन्ही सारख्या दिसत असतील.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. असं रोखून त्यांनी मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वर्गात ते बहुधा माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहून बोलत.

“हे तू मला वाचवायला म्हणतोयस, की तुला खरंच शंका आहे?”

मी विचार केला. “खरंच शंका आहे, सर. मला खात्री वाटत नाही.”

“तुला कशाची खात्री वाटते, आठल्ये?”

“कशाची नाही, सर.”

“मग कापायला हवं,” सर म्हणाले.

मी घाबरलो. मला असं काही म्हणायचं नव्हतं. उलट मला वाटलं होतं की या शंकेच्या आधारावर सर टाइपची डबी तशीच परत नेतील, त्या तज्ज्ञाला काहीतरी सौम्यसं कळवतील आणि मिंगेली संशयित म्हणून का होईना, यादीत राहील. मी तसं बोललोही. सर म्हणाले, “शंका काढलीस तू, आता ती फेडायला नको?” त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

जुना वाळलेला नमुना तसाच कापला तर त्याचा चुरा होतो. आधी तो वाफेवर मऊ करावा लागतो. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन फिलूबायकडे वाटीभर ऊन पाणी मागितलं.

“कित्याक?”

“मुंगीसाठी.”

“न्हाऊक?” तिनं पातेल्यातलं पाणी वाटीत ओतलं. “माझ्या घोवाक सांगा, मुंगी ऊन पाण्यान न्हाता. तो आठ आठ दिस न्हायना नाय.”

“हय ऐकाक येता माका!” ओसरीवरून मिंगेलमाम ओरडला.

वाटीवर जाळी, जाळीवर ओला टिपकागद, त्यावर टाइप, आणि वर उपडा पेला. आम्ही वाट पाहत बसलो. फिलूबायनं मासे आणि भात आणून ठेवला. सर जेवले. मी पुन्हा पुन्हा पेल्याकडे पाहत होतो.

“सर, एक विचारू?” मिंगेलमाम म्हणाला. “किडो निघालो तर नाव पुसतलास?”

“नाव पुसता येत नाही. एकदा छापलं की ते राहतं. फक्त मुंगळ्याचं जे जुनं नाव आहे, ते मोठ्या अक्षरांत वर राहील आणि तुझं त्याच्या खाली, बारीक अक्षरांत. म्हणजे ज्याला कुणाला कधी मिंगेली असं वाचायला मिळेल, त्यानं वरचं नाव पाहावं.”

मिंगेलमामनं विचार केला. “म्हंजे मी कूळ झालंय. घर दुसऱ्याचा आणि पडवीत मी.”

“तसंच काहीसं.”

“पण कुळाक भायर काढूक येना नाय. कायदो आसा.”

“इथंही तसाच कायदा आहे,” सर म्हणाले.

“मगे चलात.”

त्यानं माशाचा काटा बाजूला ठेवला. ते त्यानं सहज म्हटलं होतं का, मला सांगता येत नाही.

पेल्याच्या आत थेंब धरले तेव्हा सरांनी टाइप बाहेर काढला. दाढीच्या पात्याचा एक बारीक तुकडा त्यांनी सुईच्या मुठीत बसवला होता. मी कापतो असं मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का, तेही कळलं नाही. मी आरसा धरून उन्हाची तिरीप काचेवर पाडत होतो.

“उजेड हलतोय.”

“झावळ हलतेय, सर.”

“तुझा हात हलतोय.”

मी कोपर खांबाला टेकवलं. उजेड स्थिर झाला. सरांनी श्वास सोडला आणि पातं टेकवलं. मुंगीचं पोट फाटताना आवाज होत नाही, पण मी कान लावून होतो. मग सरांचे दोन्ही हात थांबले. डोळा भिंगालाच होता.

“बघ,” ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

पोटाच्या पोकळीत, भिंतीला चिकटून, शिवणकामात तुटून पडलेल्या दोऱ्यासारखं एक तपकिरी वेटोळं होतं. वीस वर्षांत ते वाळून कडक झालं होतं. एका ठिकाणी मोडलंही होतं.

“दिसतंय?”

“हो, सर.”

“शंका?”

मी पुन्हा पाहिलं. “नाही, सर.”

“टीप तुझ्या नावानं जाईल,” सर म्हणाले. “तू पाहिलंस. ज्यानं पाहिलं त्याचं नाव.”

“नको, सर. तुमची जात आहे.”

“म्हणूनच.”

मी पुढे बराच वाद घातला, माझ्या मानानं बराच, पण सरांनी ऐकलं नाही. ती टीप दीड पानाची झाली. नंतर चाळीसेक वर्षं मी मुंग्यांवर काहीबाही लिहिलं. त्यांतलं कुणी काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. इतरांच्या लेखांत उल्लेख येतो तो एवढ्या दीड पानाचाच. तिच्यात मिंगेली हे नाव सात वेळा आहे, सगळीकडे बुडवलेलं, म्हणजे जुन्या नावाखाली गेलेलं, म्हणून.

सरांनी कापलेले दोन्ही तुकडे नमुना आधी ज्यावर चिकटवलेला होता त्याच कार्डावर शेजारी शेजारी डिंकानं चिकटवले. लाल चिठ्ठी तशीच ठेवली. जात गेली तरी टाइप हा टाइपच राहतो. मग त्यांनी मिंगेलमामला बोलावलं.

“बघायचं?”

मिंगेलमाम भिंगाशी वाकला. एक डोळा मिटताना दुसराही मिटत होता. शेवटी त्यानं एक डोळा तळहातानं झाकला.

“ह्यो?”

“हा.”

“इतको बारीक?” तो पाहत राहिला. “वीस वर्सां माझ्या नावान ह्योच आत बसलेलो.” मग मान वर करून त्यानं विचारलं, “ह्येचा नाव काय, सर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला माहीत नव्हतं.

“या किड्याचं नाव?” सर म्हणाले.

“व्हय. मुंगळ्याक नाव आसा. ह्येका?”

“माहीत नाही,” सर सावकाश म्हणाले. “अशा किड्यांचा गट माहीत आहे. पण मुंग्यांच्या पोटातले आपल्याकडचे किडे कुणी पाहिलेले माझ्या वाचण्यात नाहीत. आणि आतला किडा पाहून नाव देता येत नाही, तो कोवळा असतो. पूर्ण वाढ झालेला हवा. तो मुंगी फोडून बाहेर पडतो.”

“आणि खय जाता?”

“ओल्या मातीत. पाण्याजवळ. तिथं वाढतो.”

“आमची झर आसा,” मिंगेलमाम म्हणाला. “पडलेल्या माडाच्या खालतीच. बारा महिने चिखल.”

सर उठले. चष्मा पुसला, परत घातला. मग धोतराचा काचा मारला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून घरामागे चालू लागले. मिंगेलमाम टोपी घालत त्यांच्या पुढे गेला. मी डबीचं झाकण लावून, ती तिथंच ठेवून, मागे गेलो.

झर म्हणजे दोन खडकांमधून पाझरणारं पाणी आणि त्याच्या खाली काळा चिखल. सर थेट त्यात गुडघ्यांवर बसले. बाह्या वर सारायचंही त्यांना सुचलं नाही. ओंजळीनं चिखल उचलून ते बोटांनी पसरून पाहत होते आणि मिंगेलमाम समोर बसून तेच करत होता.

“पांढरो म्हणालात मां?”

“पांढरा. तुझ्या करंगळीएवढा लांब, पण दोऱ्याइतका बारीक. हलणारा.”

“ह्यो?”

“ते मूळ आहे.”

“ह्यो?”

“गांडूळ.”

“सर, तुमची नदर लय कडक. चर्चीत तुमका पाद्री करूक व्हयो.”

खालून किनाऱ्यावरून, आम्हाला परत न्यायला आलेल्या बाबी तांडेलची हाक आली. भरती पूर्ण चढली होती. याच पाण्यावर निघायला हवं होतं, पुढे खडक उघडे पडतात. तो दोनदा ओरडला, मग शिव्या देत अर्ध्या उतारापर्यंत वर आला आणि तिथूनच पाहत उभा राहिला. चिखलात बसलेल्या त्या दोघा म्हाताऱ्यांकडे पाहून त्याला काय वाटलं असेल, मी विचारलं नाही.

“सर, बाबी थांबलाय,” मी म्हणालो. “भरती आहे.”

“उद्याच्या भरतीला,” सर मान वर न करता म्हणाले. त्यांच्या दाढीला चिखल लागला होता. “आणि आठल्ये, फिलूबायकडून एक चाळण आण. बारीक जाळीची.”

मी चाळण आणायला घराकडे निघालो.